मामांचा पिंजरा, माझं औषध

कुंभारीच्या रस्त्याला आम्ही रो-हाउस घेतलं, तेव्हा मला सगळ्यात जास्त कौतुक होतं ते मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या ज्वारीच्या रानाचं. त्याआधीची वर्षं शहरात दोन खोल्यांत काढलेली. खिडकी उघडली की समोरच्यांच्या न्हाणीची भिंत. त्यामुळं नव्या घरी जो कोणी यायचा त्याला मी आधी मागं नेऊन रान दाखवायची. रान आमचं नव्हतं, पण दाखवायला काय जातंय! मग ज्वारी काढली गेली, कणसं खुडून झाली, कडब्याची गंज आमच्या कुंपणाला लागून रचली गेली, आणि रानातले उंदीर आमच्याकडं राहायला आले.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. नवरा पुण्याला कंपनीत, एकाआड एक शनिवारी येतो. मुलगी लातूरला शिकायला. सासूबाई नव्या घराचा पाया खणला तेव्हाच गेल्या. मामा पूर्वी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन म्हणून राहिले, आता घरी असतात. मी सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये काम करते, रक्त-लघवी तपासायचं. सकाळी स्कूटीवरून जाते, संध्याकाळी येते.

पहिल्यांदा मला वाटलं, ओट्यावर जिरे सांडलेत. बोटानं गोळा करायला गेले आणि हात झटकला. उंदराच्या लेंड्या होत्या. ओटा गरम पाण्यानं धुतला, फिनेल लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग साबणाला दातांच्या खाचा पडल्या. शेंगदाण्याच्या डब्याचं झाकण कडेनं कुरतडलं. टोपलीतल्या कडक भाकरी मी फडक्यात बांधून ठेवते, तर फडक्यालाच भोक, आणि वरच्या भाकरीची कड चंद्रासारखी खाल्लेली. सगळ्या भाकरी टाकून दिल्या. मामा म्हणाले, "कड तोडून खाल्ली असती की." मी म्हटलं, "मामा, उंदराच्या मुतानं काय काय ताप येतात ते मी रोज नळीत बघते. माझ्या घरात ते चालणार नाही."

त्यांनी मान हलवली. पण ती मान 'बरं' म्हणणारी नव्हती, 'बघू' म्हणणारी होती. हे मला तेव्हा कळलं नाही.

लॅबमधून येताना नवी पेठेत उतरून चिकट पॅड आणले. पुठ्ठ्यावर गोंद असतो, उंदीर त्यावरून गेला की अडकतो. एक फ्रिजजवळ ठेवला. सकाळी उठून स्वयंपाकघरात आले तर मामा उकिडवे बसलेले. पुढ्यात पॅड, त्यावर एक छोटा उंदीर, आणि बाजूला माझी गोड्या तेलाची किटली. कापसाचा बोळा तेलात बुडवून ते उंदराच्या पायाखाली फिरवत होते.

"मामा, हे काय चाललंय?"

"चिकटलाय बिचारा. तेलानं सुटतंय, बघ."

"सुटतंय म्हणजे? तुम्ही त्याला सोडताय?"

"मग? असाच ठिवायचा व्हय? वरडतोय बघ की कसा."

"अहो, मग निदान बाहेर नेऊन तरी..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उंदराचा मागचा पाय सुटला. तेलानं चकाकणारा तो उंदीर माझ्या नव्या फरशीवर पावलांचे ठिपके उमटवत, माझ्या डोळ्यांदेखत फ्रिजखाली गेला.

"निसटला की," मामा म्हणाले. आणि किटलीचं झाकण नीट बंद करून ठेवलं.

मामा रोज सकाळी आंघोळ करून बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावतात आणि पंचशील म्हणतात. त्यातलं पहिलं शील म्हणजे जीव न घेण्याचं. मीही लहानपणापासून म्हणत आले, माझ्याही माहेरी तेच. पण मला डासाला टाळी मारताना शील आठवत नाही, आणि मामा मात्र झुरळसुद्धा सुपलीत घेऊन कुंपणापलीकडं टाकतात. आजवर मला त्याचं बरंच वाटायचं. भांडखोर, दारुड्या सासऱ्यांच्या गोष्टी लॅबमधल्या बायका सांगायच्या तेव्हा मी मनात म्हणायची, आपण सुदैवी. पण फ्रिजखाली गेलेला तो तेलकट उंदीर मी विसरू शकले नाही.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दोघं मिळून ठरवा की काहीतरी. मी आल्यावर बघतो." आला तेव्हा रविवारभर झोपला.

मग तडजोड म्हणून पिंजरा आला. तारेचा, आत आकडा, आकड्याला खाऊ. मामा म्हणाले, "धरायचं काम पिंजऱ्याचं, सोडायचं माझं." भाकरीच्या तुकड्याला कोणी आलं नाही. शेंगाचटणीला मुंग्या आल्या. शेवटी मामांनी कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं कांदाभजी आणली आणि उंदीर सापडू लागले. मामा पिंजरा कापडी पिशवीत घालून रानापलीकडच्या ओढ्यापर्यंत चालत जायचे, तिथं दार उघडायचे आणि रिकामा पिंजरा हलवत परत यायचे. चेहऱ्यावर समाधान असं, जणू पाहुण्याला एसटीत बसवून आले. इकडं ओट्यावर लेंड्या तितक्याच. ओटा मी सकाळी धुवायची, संध्याकाळी धुवायची. पिठाचा, डाळीचा, तिखटाचा, सगळ्यांचे स्टीलचे डबे झाले. माझ्या बोटांना फिनेलचा वास राहायचा आणि लॅबमधली मैत्रीण म्हणायची, "घरीबी हेच करतीस काय गं?"

मला संशय होता की सोडलेलेच उंदीर परत येतात. मामा म्हणायचे, "न्हाय गं, ह्यो दुसरा हाय. ह्येचा कान बघ." एका सकाळी मामा वंदनेला बसले होते आणि पिंजऱ्यातल्या उंदराची शेपटी तारेतून बाहेर आली होती. माझ्या मनात काय आलं कोण जाणे. आतून नेलपॉलिशची बाटली आणली आणि त्या शेपटीच्या टोकाला लाल रंग लावला. उंदीर घाबरून आतल्या आत फिरू लागला, पण रंग बसला. मामांना काही बोलले नाही. ते पिशवी घेऊन ओढ्याला गेले आणि आले.

त्या आठवड्यातच मी दुपारच्या सुट्टीत घरी आले होते, जेवायला बसणार तेवढ्यात ओट्यावर, मिक्सरच्या मागून, एक शेपटी सळसळत गेली. टोक लालभडक.

"मामा!" मी इतक्या जोरात ओरडले की ते चप्पल घालूनच आत आले. "बघा! ओढ्याला सोडला होता ना? बघा, परत आला. मी रंग लावला होता त्याला."

मामांनी पाहिलं. मग त्यांना हसू आलं. "लई हुशार हाय की! वाट ध्यानात ठिवली. घर आठवलं आसंल त्येला."

"घर त्याचं नाही मामा, माझं आहे!"

हे मी बोलले आणि मला रडूच आलं. उंदरासाठी रडणं किती मूर्खपणाचं ते मला कळत होतं, त्यामुळं आणखीच राग आला. मामा हसायचे थांबले. "बरं, बरं. लांब सोडतो आता," म्हणाले.

लांब म्हणजे कसं, ते मला शेजारणीकडून कळलं. ते पिंजरा घेऊन शेअर रिक्षात बसले होते. पिशवी मांडीवर. खड्ड्यात रिक्षा आदळली, पिंजऱ्याचं दार सटकलं, आणि उंदीर पिशवीतून निघून बाजूला बसलेल्या बाईच्या ओच्यात शिरला. बाई चालत्या रिक्षातून उडी मारायला निघाली होती म्हणे. रिक्षावाल्यानं मामांना तिथंच उतरवलं. एवढ्या उन्हात ते चालत घरी आले. मी घरी आले तर टबात पाय सोडून बसलेले.

"काय झालं मामा?"

"काय न्हाय. जरा फिरून आलो."

त्यांच्या सुजलेल्या पायांना मी तेल लावलं. आणि तेल लावताना, ज्या माणसाची काळजी वाटते त्याच माणसाचा इतका संताप कसा येऊ शकतो, हे मला उमजत नव्हतं.



मामांना कोरोनात वास येईनासा झाला, तो पुन्हा आलाच नाही. भाजी करपली तरी त्यांना कळत नाही. मी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी कामावरून नेहमीपेक्षा लवकर निघाले, डोकं दुखत होतं म्हणून. दार ढकललं आणि गॅसचा वास भपकन् अंगावर आला. पुढच्या खोलीत कोणी नाही. स्वयंपाकघरात शेगडीवर चहाचं भांडं ठेवलेलं, सिलिंडरचं रेग्युलेटर चालू, आणि मागच्या दारातून मामा आत येत होते. एका हातात नुकताच खुडलेला गवती चहा, दुसरा हात लायटरकडं चाललेला.

"मामा, थांबा! हात लावू नका! पेटवू नका!"

ते दचकून जागीच थांबले. मी रेग्युलेटर बंद केलं, मागची खिडकी उघडली, त्यांचा दंड धरून त्यांना मागच्या दारानं बाहेर ओढलं. दिव्याच्या, पंख्याच्या बटनाला हात लावला नाही, एवढं भान कसं राहिलं देव जाणे. आम्ही कुंपणाजवळ उभे राहिलो. मामांच्या मुठीत गवती चहा तसाच होता.

"काय झालं गं?" ते विचारत होते. "मला तर कायच कळंना."

वास निघून गेल्यावर आत जाऊन पाहिलं. सिलिंडरची रबरी नळी ओट्याच्या खाली जिथं वळते, तिथं कुरतडलेली होती. बारीक बारीक दात, आणि मधोमध आरपार भोक. मी ती नळी काढून मामांसमोर धरली.

"बघा. आणखी थोडा वेळ झाला असता तर मला घर सापडलं नसतं. तुम्ही सापडला नसता. तुमचं ते शील राहिलं असतं, आणि म्हणायला माणूस राहिला नसता."

हे फार झालं होतं. पण मी थांबले नाही. "उंदराचा जीव जीव आहे. माझा नाही? तुमचा नाही? मी तुमच्या मुलाला काय सांगितलं असतं?"

मामांनी नळी हातात घेतली, उन्हात धरून पाहिली, आणि बोटानं ते भोक चाचपलं. संध्याकाळी जेवायला बसले पण अर्धीच भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी विषाच्या वड्या घेऊन आले. चोरून टाकायच्या नाहीत हे ठरवलं होतं. पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मामा, मी औषध टाकणार आहे. विचारत नाही, सांगतेय."

ते पिशवीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "टाक." पिशवी माझ्याकडं सरकवत, "मी जरा बहिणीकडं जाऊन येतो चार दिस."

"माझ्यावर रागावून चाललात?"

"न्हाय पोरी. तुझं चुकत न्हाय. पण मला बघवणार न्हाय. मग हितं बसून काय करू?"

त्यांची बहीण अक्कलकोटकडं असते. मी त्यांना स्टँडवर सोडलं. घरी येऊन हातमोजे घालून वड्या टाकल्या: फ्रिजमागं, मोरीच्या पाईपाजवळ, ट्रॉलीच्या खाली. दोन दिवसांत वड्या संपल्या. ओट्यावर लेंड्या नाहीत, कुरतडल्याचा आवाज नाही. मी आनंदात पुरणपोळ्या केल्या, सण नसताना. एकटीनं खाल्ल्या.

आणि मग वास सुटला.

आधी बारीक, कुठूनतरी, म्हणजे नाक वळवलं की जाणारा. मग घट्ट. ओट्याखालच्या ट्रॉल्या मी एकेक करून काढल्या, डबे बाहेर मांडले, टॉर्च लावून पाहिलं. काही नाही. फ्रिज सरकवला. काही नाही. माळ्यावरचं सगळं उतरवलं. वास मात्र वाढतच होता. भाताला वास, चहाला वास, वाळत घातलेल्या ओढणीला वास. उदबत्त्या लावल्या तर दोन्ही मिळून तिसराच वास झाला. सुताराला फोन केला, ट्रॉलीच्या मागची फळी खोलायला. तो म्हणाला, "उद्या येतो की ताई." रोज म्हणाला. नवरा फोनवर म्हणाला, "कापूर जाळून बघ." मी फोन ठेवून दिला. दोन दिवस बाहेरच्या पायरीवर बसून जेवले. समोरून जाणारे बघायचे. मला वाटायचं, उंदीर जिवंत असताना निदान मी माझ्या स्वयंपाकघरात तरी उभी राहत होते.

मामा परत आले. दारातच मी त्यांना सांगितलं, "आत येऊ नका, घरभर वास आहे."

"मला कुटं येतोय वास," ते म्हणाले, आणि पिशवी ठेवून सरळ आत गेले.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मी नाकाला ओढणी बांधून दारात टॉर्च धरून उभी, आणि ते फरशीवर आडवे होऊन ट्रॉलीच्या मागची फळी खोलत होते. फळी निघाली. मागं भिंतीत पाईपासाठी सोडलेली पोकळी होती. मी टॉर्च तिथंच ठेवून बाहेर धावले. परत आले तेव्हा मामांनी जुन्या वर्तमानपत्रावर सगळं काढून ठेवलं होतं. तीन-चार मोठे उंदीर. आणि माझ्याच चिंध्यांचं, फडक्याच्या तुकड्यांचं केलेलं घरटं, त्यात बोटाच्या पेराएवढी, केस न आलेली पिल्लं. मेलेली. आई मेल्यावर उपाशी गेली असणार.

मला वाईट वाटलं. खोटं का बोलू? पण पस्तावा झाला नाही, आणि मामा आता एखादा शब्द जरी बोलले असते तरी मी पुन्हा ती नळी काढून दाखवली असती. मी वाट बघत होते त्या शब्दाची.

मामा म्हणाले, "खोरं कुटं हाय?"

कुंपणाबाहेर त्यांनी खड्डा केला आणि कागदासकट सगळं पुरलं. हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, मी सांगितलं तसे दोनदा. मग ते भिंतीतल्या पोकळीशी परत जाऊन बसले. "ह्ये बघ," म्हणाले. पाईप बाहेर जातो तिथं बिल्डरच्या माणसांनी सिमेंट भरलंच नव्हतं. मूठ जाईल एवढी फट. पलीकडं थेट कडब्याची गंज. "ह्येच दार हाय त्येंचं. पिंजरा लावा न्हायतर औषध टाका, दार उघडंच."

"आपण दोघांनी हे आधीच बघायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"व्हय."

गवंडी शोधण्यात आणखी दिवस घालवायची माझी तयारी नव्हती. मी सिमेंट आणलं, मामांनी फुटक्या बाटलीच्या काचा कुटून त्यात मिसळल्या. आम्ही दोघांनी ती फट भरली, मोरीच्या जाळीची भरली, मागच्या दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. पत्र्यानं माझं बोट कापलं. मामांनी हळद लावली. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी जास्त बोलले." ते पट्टीवर हातोडी मारत म्हणाले, "जास्त न्हाय बोललीस. पण लई मोठ्यानं बोललीस. शेजारच्यांनी ऐकलं." मग त्यांनी पुढचा खिळा मागितला.

गॅसची नळी आता जाळीची, जाड आहे. मामांना मी विजेची किटली आणून दिली. ते चहा त्यातच करतात आणि रोज म्हणतात, गॅसवरच्या चहाची सर न्हाय. वास येत नाही तर चव कशी कळते, असं मी एकदा विचारलं. त्यांना राग आला.

यंदा ज्वारी पुन्हा काढली. गंज पुन्हा आमच्या कुंपणाला. मी शेतमालकाला जाऊन सांगितलं, जरा पलीकडं रचा. तो म्हणाला, "वैनी, आमची गंज आधीपासनं हितंच हाय, तुमी नंतर आलात." घरात मात्र अजून एकही शिरलेला नाही. मी रोज ओट्यावर बोट फिरवून बघते.

गेल्या सोमवारी सकाळी स्कूटी चालू होईना. बटन दाबलं, काही नाही. किक मारली, काही नाही. मामा खाली वाकून बघू लागले. आतून एक काळी वायर ओढून त्यांनी माझ्यापुढं धरली. कुरतडलेली.

"आता हितं बसत्यात वाटतं," ते म्हणाले. "इंजिनाची ऊब लागती."

मी वायर हातात घेऊन पाहिली. लॅबमध्ये फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, पर्स उचलली आणि रिक्षासाठी रस्त्याकडं निघाले. तोंडावर धूळ येत होती. पहिली रिक्षा भरलेली होती, दुसरी थांबलीच नाही. तिसरीत कोपऱ्यात कशीबशी जागा मिळाली. आत बसल्यावर पायाशी कोणाचीतरी कापडी पिशवी होती. मी पाय वर घेतले, आणि सात रस्ता येईपर्यंत खाली ठेवले नाहीत.